रिपोर्टमध्ये ‘लिगामेंटम फ्लेव्हम’ जाड आलंय? मग या चुका टाळा

आप्पा रोज सकाळी सायकलवर मळ्यात जायचे, जाऊन येऊन सात-आठ किलोमीटर, काही त्रास नाही. आणि तेच आप्पा घरून मारुतीच्या देवळापर्यंत चालत निघाले की मधे दोनदा कुणाच्या तरी ओट्यावर टेकायचे. पाय भरून येतात, पोटऱ्या दगडासारख्या होतात, पुढं पाऊलच पडत नाही म्हणायचे. घरच्यांचं म्हणणं एकच, सायकल मारता येते मग चालायला काय होतंय. सून माझ्यासमोरच हे बोलली तेव्हा आप्पा एमआरआयची ती मोठी पिशवी मांडीवर धरून खाली बघत बसले होते, एक शब्द बोलले नाहीत. रिपोर्ट काढून बघितला तर एल-४ एल-५ ला, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधे, लिगामेंटम फ्लेव्हम जाड, कॅनल म्हणजे नसांचा बोगदा अरुंद. म्हणजे आप्पा सांगत होते ते शब्दन् शब्द खरं होतं, सायकलवर बरं आणि चालताना त्रास हीच तर या आजाराची ओळख आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सतरा वर्षं झाली या कामाला, आणि कमरेचा रिपोर्ट घेऊन येणाऱ्या साठीच्या पुढच्या माणसांमध्ये हा शब्द दिसला नाही असा आठवडा जात नाही. तो शब्द वाचून लोक घाबरतात, मोबाईलवर शोधतात, मग कुणी भुजंगासन सुरू करतं, कुणी मणका बसवून घ्यायला जातं, कुणी महिना-महिना पडून राहतं आणि पायातली होती नव्हती ती ताकद घालवून बसतं. यातल्या बऱ्याच चुका टाळता येतात, फक्त हे लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड जोडणारी पट्टी, असतं कुठं आणि वागतं कसं ते एकदा डोळ्यासमोर यायला पाहिजे, म्हणून आधी तेवढं सांगते.

मणक्याचं एक हाड घ्या. पुढे गोल ठोकळा, मागे कमान, आणि दोन्हीच्या मधे भोक. अशी हाडं एकावर एक रचली की भोकांचा बोगदा तयार होतो, त्यातून वर मज्जारज्जू आणि खाली कमरेत नसांचा झुबका जातो. मागच्या कमानीचा जो चपटा भाग त्याला लॅमिना म्हणतात. कौलारू घराच्या छपरावर कौलं कशी एकाखाली एक उतरत्या ओळीत बसलेली असतात तशा या लॅमिना, आणि दोन कौलांमधली फट आतून बुजवणारी पट्टी म्हणजे लिगामेंटम फ्लेव्हम. वरच्या लॅमिनाच्या आतल्या अंगाला ती चिकटलेली असते आणि खालच्या लॅमिनाच्या वरच्या काठावर येऊन बसते. मानेच्या दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यामधून सुरू होते ती कमरेच्या शेवटच्या मणक्याखाली सेक्रम नावाच्या त्रिकोणी हाडापर्यंत, २३ ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी डावी-उजवी अशी जोडी. बोगद्याची मागची भिंत बरीचशी हिचीच आहे, हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावरच आहे.

फ्लेव्हम म्हणजे लॅटिनमध्ये पिवळं. बाकीची लिगामेंटं पांढरी दिसतात कारण ती मुख्यतः कोलॅजनची, म्हणजे फारशा न ताणणाऱ्या चिवट तंतूंची, हे पिवळं कारण यात सुमारे ८० टक्के इलॅस्टिन असतं, ताणलं तर ताणलं जातं आणि सोडलं की परत येतं. फर्स्ट इयरला डिसेक्शन हॉलमध्ये मॅडमनी आम्हाला याची एक पट्टी चिमट्यात धरून ओढायला लावली होती. फॉर्मॅलिनमुळे रंग मळकट झालेला, पण ओढली तर खरंच थोडी लांबली आणि सोडल्यावर हळूच मागे सरकली, आणि शेजारचं पाठीच्या अगदी वरून जाणारं सुप्रास्पायनस लिगामेंट ओढलं तर ते सुतळीसारखं, हलायला तयार नाही. पुस्तकात चार वेळा वाचून जे कळलं नव्हतं ते त्या एका ओढीत कळलं. असं लवचिक असायचं कारण साधं आहे, तुम्ही पुढे वाकता तेव्हा दोन लॅमिना लांब जातात, पट्टी ताणली जाते, परत सरळ उभे राहता तेव्हा ती आखडून पुन्हा सपाट होते. लवचिक नसती तर सरळ उभं राहिल्यावर तिची चुणी पडली असती, आणि चुणी आत बोगद्यात, नसांच्या अंगावर.

आणि वय झाल्यावर नेमकं हेच होतं. इलॅस्टिन कमी होतं, कोलॅजन वाढतं, पट्टी जाड आणि राठ होते. त्यातच पुढे दोन ठोकळ्यांमधली गादी, म्हणजे डिस्क, झिजून बसकी होते, म्हणजे दोन हाडं जवळ येतात आणि आधीच राठ झालेली पट्टी सैल पडून आत फुगते. कमरेत साधारण तीन-चार मिलिमीटर जाडी नेहमीची, पाच किंवा त्याच्यावर गेली की रेडिओलॉजिस्ट जाड म्हणून लिहितात, आणि सगळ्यात जास्त एल-४ एल-५ लाच. म्हणजे ही गाठ नाही, कॅन्सर नाही, पिवळं म्हटलंय म्हणून पू नाही की कावीळ नाही (हे दोन्ही प्रश्न मला विचारले गेलेत, आणि विचारलेलं बरंच झालं, मनात ठेवून रात्रभर जागण्यापेक्षा).

इथेच एक शब्द साफ करून टाकते. आपल्याकडे सर्रास म्हणतात, मणक्यात गॅप आलाय. मग लोक विचारतात, मॅडम गॅप भरून येईल का, त्यासाठी कुठली गोळी आहे का. अहो, गॅप पडलेला नसतो, होता तो गॅप कमी झालेला असतो, हाडं जवळ आलेली असतात. उलटं समजल्यामुळे उपायही उलटे होतात, कुणी कमरेला घट्ट पट्टा बांधून दिवसभर बसतं की गॅप दाबला जाईल.

रिपोर्टवर उपचार करू नका, माणसावर करा

पहिली मोठी चूक ही. १९९० साली अमेरिकेत बोडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६७ अशा लोकांचे कमरेचे एमआरआय काढले ज्यांना कधी कंबरदुखी नव्हती, पायात कळ नव्हती, काहीच नव्हतं. त्यातल्या साठ किंवा जास्त वयाच्या लोकांमध्ये ५७ टक्के रिपोर्ट बिघडलेले निघाले आणि २१ टक्क्यांमध्ये कॅनल अरुंद होता. काही त्रास नसताना! म्हणून रिपोर्टमध्ये फ्लेव्हम जाड दिसलं म्हणजे दुखणं त्याचंच असं धरून चालू नका. मागे एक जण आईचा रिपोर्ट घेऊन आले, ऑपरेशनची तारीख ठरवायच्या बेतात होते, आणि आईंना तपासलं तर पाय उचलून आत-बाहेर फिरवताना जांघेत दुखत होतं, चालून पाय भरून येणं वगैरे काहीच नाही. दुखणं खुब्याच्या सांध्याचं होतं.

उलटही होतं बरं का. एमआरआय आपण झोपवून काढतो, बऱ्याचदा गुडघ्याखाली उशी देऊन, म्हणजे ज्या पोझिशनमध्ये बोगदा सगळ्यात मोकळा असतो त्यातच फोटो घेतो. उभं राहिल्यावर तो आणखी अरुंद होतो ते फोटोत येत नाही. त्यामुळे रिपोर्टमध्ये थोडंच लिहिलंय आणि माणूस मात्र शंभर पावलं चालू शकत नाही, असं असेल तर माणसाचं ऐका.

चालण्याची चौकशी न करणं

आता मूळ मुद्दा. मी नवीन पेशंटला पहिला प्रश्न विचारते, किती खांब चालता? गावाकडे मीटर-किलोमीटर कुणी सांगत नाही, पण विजेचे खांब बरोबर सांगतात, पहिल्या दोन खांबांना काही नाही, तिसऱ्याला मुंग्या, चौथ्याला बसावंच लागतं. दुसरा प्रश्न, थांबल्यावर नुसतं उभं राहून बरं वाटतं की बसावं लागतं, वाकावं लागतं? हा दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे कारण पायातल्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पोटऱ्या अशाच धरतात, तंबाखू-विडी ओढणाऱ्यांमध्ये आणि शुगरवाल्यांमध्ये तर हमखास शंका घ्यावी. पण रक्ताचा प्रॉब्लेम असेल तर माणूस नुसता उभा राहिला तरी दोन-चार मिनिटांत पाय सुटतो, आणि सायकल चालवतानाही पोटरी धरते. नसांचा बोगदा अरुंद असेल तर उभं राहून काही उपयोग होत नाही, बसलं किंवा पुढे वाकलं की मगच मोकळं वाटतं, आणि सायकलवर आपण हँडलवर वाकलेलो असतो म्हणून तिथे त्रासच नाही. आप्पांचं कोडं एवढंच होतं. पाऊल गार पडणं, पायावरची जखम न भरणं, पावलावरची नाडी न लागणं हे असेल तर फिजिओकडे वेळ घालवू नका, आधी रक्तवाहिन्यांची तपासणी. शुगरमुळे नसा खराब झाल्या असतील तर तळपायाची आग होते, मोजा घातल्यासारखं बधिर वाटतं, पण ते रात्री झोपल्यावरही होतं, त्याला चालण्याचा संबंध नसतो. आणि एकाच माणसाला यातलं दोन किंवा तिन्ही असू शकतं, म्हणून एक सापडलं की शोधणं थांबवू नका.

पंढरीच्या वाटेवर दरवर्षी जाणारे एक बाबा मला सांगत होते, दिवे घाट चढताना काही वाटलं नाही, सगळे म्हणाले वय झालंय जपून, पण मी चढलो आरामात, आणि वर गेल्यावर सासवडकडचा सपाट रस्ता लागला तसे पाय जागच्या जागी थांबले. डॉक्टरांनाही आधी हे पटेना म्हणे, चढाला त्रास नाही आणि सपाटीला कसा. पण चढ चढताना माणूस आपोआप पुढे झुकतो, पट्टी ताणलेली राहते, बोगदा मोकळा. सपाटीला ताठ झाला की चुणी आत. उतरताना तर शरीर मागे रेललेलं असतं, सगळ्यात वाईट. हेंक व्हर्बिस्ट नावाच्या डच न्यूरोसर्जननी १९५४ साली अरुंद कॅनलचं दुखणं जगासमोर नीट मांडलं, उभं राहिल्यावर-चालल्यावर पायात येणारं आणि पडल्यावर जाणारं, त्याला आता सत्तर वर्षं झाली, तरी आपल्या घरात अजून आजोबा नाटक करतात असंच समजलं जातं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

भुजंगासन, आणि माझीच एक चूक

कंबर दुखली की पालथं झोपून छाती वर उचलायची, हा व्यायाम इतका पसरलाय की औषधाच्या दुकानातला मुलगासुद्धा सांगतो. डिस्क सरकलेल्या कित्येक तरुण पेशंटना त्याने बरं वाटतं हे खरं. पण फ्लेव्हम जाड होऊन कॅनल अरुंद झालेल्या माणसाला मागे वाकवणं म्हणजे त्या दोन लॅमिना आणखी जवळ आणून पट्टीची चुणी मुद्दाम आत ढकलणं. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी मी हे स्वतः केलंय. एक रिटायर्ड शिक्षिका, वय सदुसष्ट, कंबर आणि दोन्ही पाय दुखतात म्हणून आल्या, त्याआधीच्या चार-पाच डिस्कच्या पेशंटना या व्यायामाने छान आराम पडला होता म्हणून मी यांनाही तोच दिला, दिवसातून चार वेळा दहा-दहा. बाई शिस्तीच्या, एकदाही चुकवला नाही. दहा दिवसांनी आल्या तेव्हा म्हणाल्या, मॅडम आधी मी सोसायटीला दोन फेऱ्या मारायचे, आता अर्धीच होते. मी त्यांना किती चालता हे पहिल्या दिवशी विचारलंच नव्हतं. माफी मागितली, व्यायाम बंद केला, उलट्या दिशेचा सुरू केला, तीन आठवड्यांत पुन्हा दोन फेऱ्यांवर आल्या, पण त्या दिवसापासून चालण्याचा प्रश्न विचारल्याशिवाय मी कुणाला हातही लावत नाही.

मग करायचं काय? उताणं झोपून एक गुडघा छातीशी, मग दुसरा, मग दोन्ही, सावकाश. उताणं झोपून गुडघे वाकवून कंबर गादीला टेकवायची, पोट आत, दहा आकडे मोजायचे. खुर्चीत बसून पाय फाकवून हळूच पुढे वाकायचं, हात जमिनीकडे. घरात जुनी सायकल असेल किंवा जिममधली उभी सायकल असेल तर ती, कारण चालता येत नाही म्हणून दम आणि पायांची ताकद जायला नको. झोपताना कुशीवर, गुडघे पोटाशी, किंवा उताणं झोपायचं तर गुडघ्याखाली लोड. ओट्याशी उभं राहून पोळ्या लाटताना एक पाय छोट्या पाटावर ठेवायचा आणि मधेमधे बदलायचा, एवढ्याने उभं राहण्याची वेळ वाढते हे कितीतरी बायकांनी मला येऊन सांगितलंय. आणि चालणं सोडायचं नाही, फक्त तुकड्यात चालायचं, तिसऱ्या खांबाला मुंग्या येत असतील तर दुसऱ्या खांबालाच बसून घ्यायचं, त्रास व्हायची वाट बघायची नाही. आप्पांना मी वॉकर सुचवला तर त्यांना ते कमीपणाचं वाटलं, मग त्यांनीच युक्ती काढली, सायकलवर न बसता तिचं हँडल धरून सायकल ढकलत चालायचं. हँडलवर भार, शरीर पुढे झुकलेलं, आणि गावात कुणाला वेगळंही वाटत नाही. देवळापर्यंत न थांबता जायला लागले. परदेशात सुपरमार्केटच्या ट्रॉलीवर रेलून असे पेशंट तासभर फिरतात आणि डॉक्टर मुद्दाम ते विचारतात, तसंच हे.

एक मात्र, ज्यांची हाडं ठिसूळ आहेत, आधी मणका दबून फ्रॅक्चर झालाय, पाठीला कुबड येतंय, त्यांनी पुढे वाकायचे व्यायाम स्वतःच्या मनाने करू नयेत, तिथे ठोकळ्यावर दाब येऊन आणखी फ्रॅक्चर होऊ शकतं. आणि पुढे वाकल्याने बरं वाटतं म्हणून वाकून पाण्याची बादली उचलू नका, ती वेगळी गोष्ट आहे.

मान मोडून घेणं, आणि पडल्यावर एक्सरे नॉर्मल म्हणून गप्प बसणं

मानेतलं फ्लेव्हम कमरेपेक्षा पातळ, पण तिथे आत नुसत्या नसा नाहीत, सबंध मज्जारज्जू आहे. साठीनंतर मानेचे मणके झिजलेले असतात, पुढून हाडाची टोकं वाढलेली असतात, अशा वेळी मान झटक्यात मागे गेली की मागून फ्लेव्हमची चुणी आत येते आणि पुढून ते हाड, मधे रज्जू चिमटला जातो. म्हणून कटिंगनंतर मालिश करून मान कडकन मोडून घ्यायची सवय असेल तर पन्नाशीनंतर ती सोडा, हात जोडून सांगते. सलूनच्या बेसिनवर मान मागे टाकून केस धुताना हात बधिर होत असतील तर तेही थांबवा.

याच कारणाने होणारी एक दुखापत घरोघर हुकते. बाथरूममध्ये पाय घसरला, हनुवटी किंवा कपाळ बादलीवर किंवा पायरीवर आपटलं, मान मागे झटकली. एक्सरेमध्ये फ्रॅक्चर नाही, माणूस चालतोय, म्हणून सगळे निश्चिंत. पण शर्टाचं बटण लागत नाही, घास तोंडाशी जात नाही, हाताला आग होते. पायांपेक्षा हात जास्त कमकुवत, ही सेंट्रल कॉर्ड सिंड्रोमची खूण आहे, रज्जूच्या मधल्या भागाला मार लागलाय, एक्सरेत तो दिसणारच नाही, एमआरआय लागतो. हाताला तेल चोळत आठवडा घालवू नका, मान न हलवता, डोकं-मान-पाठ एका रेषेत ठेवून दवाखान्यात न्या.

सिझेरियनच्या सुईला दोष देणं

‘कमरेत सुई दिली तेव्हापासून मणका खराब झाला’ हे वाक्य मी इतक्या बायकांकडून ऐकलंय. सुई कुठून जाते ते बघा. कातडी, चरबी, सुप्रास्पायनस आणि इंटरस्पायनस ही लिगामेंटं, मग आपलं फ्लेव्हम, त्यापुढे एपिड्युरल नावाची मोकळी जागा, मग ड्यूरा-अ‍ॅरॅक्नॉइड ही आवरणं आणि त्यांच्या आत नसांभोवतीचं पाणी. भूलतज्ज्ञांच्या हाताला फ्लेव्हम चिवट लागतं आणि ते पार झालं की अडथळा एकदम सुटल्यासारखा होतो, एपिड्युरलमध्ये तर सगळा भरवसा या सुटण्यावरच असतो. १८९८ साली जर्मनीत कील इथे ऑगस्ट बीअर यांनी स्पायनल भूल पहिल्यांदा दिली तेव्हापासून वाट हीच आहे. २५ किंवा २७ गेजची सुई अर्ध्या मिलिमीटरची किंवा त्याहून बारीक असते, तेवढ्या भोकाने पट्टी जाड होत नाही. बाळंतपणानंतरची कंबरदुखी खरी आहे, तिची कारणं मात्र सैल झालेलं पोट, तासन् तास वाकून दूध पाजणं, बाळाला एकाच कडेवर घेणं ही असतात, आणि सुईला दोष देऊन मोकळं झालं की पोटाचे व्यायाम राहूनच जातात.

माझ्याकडे इंटर्नशिपला येणारी मुलं हीच वाट सांगताना एक चूक हमखास करतात, यादीत पोस्टीरिअर लाँजिट्युडिनल लिगामेंट घालतात. नाव पोस्टीरिअर, म्हणजे मागचं, असलं तरी ते ठोकळ्याच्या मागच्या बाजूला, म्हणजे बोगद्याच्या पुढच्या भिंतीला आहे, सुई तिथपर्यंत जायलाच नको. बाजूने सुई घातली तर सुप्रास्पायनस आणि इंटरस्पायनस दोन्ही लागत नाहीत, म्हणून म्हाताऱ्या माणसात ती कडक झाली असतील तर भूलतज्ज्ञ ही वाट घेतात. आणि फ्लेव्हमची जोडी मधोमध पूर्ण जुळलेली असतेच असं नाही, शिरा जायला फटी असतात, मानेत जास्त, त्यामुळे तिथे सुई सुटल्याचा अंदाज फसू शकतो.

फक्त कंबरच तपासणं

पायात दुखत नाही, पण पाय कडक झालेत, चालताना लटपटतात, अंधारात तोल जातो, चप्पल पायातून निसटते, अशा माणसाचा कमरेचाच एमआरआय काढून ठेवलेला असतो आणि त्यात फारसं काही सापडत नाही. पण दोष कमरेच्या वरही असू शकतो, छातीमागच्या मणक्यांत, त्यातही खालच्या मणक्यांत, फ्लेव्हमचं चक्क हाड होतं कधीकधी, जपान आणि पूर्व आशियात हे जास्त दिसतं, पण आपल्याकडेही आहे. पाण्यातल्या जास्त फ्लोराइडमुळेही लिगामेंटं अशी हाडासारखी होतात, भारतात हे १९३७ साली तेव्हाच्या मद्रास प्रांतातून नोंदवलं गेलं, आणि आपल्या यवतमाळ, चंद्रपूर भागातल्या काही गावांतल्या बोअरच्या पाण्यात आजही फ्लोराइड जास्त आहे. लिटरला दीड मिलिग्रॅम ही वरची मर्यादा. तिथले लोक सांगतात आम्ही पाणी उकळून पितो, पण उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटून ते उलट घट्ट होतं. तपासून घ्या, आणि आरओ किंवा दुसरा स्रोत बघा.

इंजेक्शनवर इंजेक्शन, किंवा ऑपरेशनची नुसती भीती

मणक्यात स्टिरॉइड दिलं की लिगामेंट वितळतं असं कुणी सांगितलं असेल तर ते खरं नाही. २०१४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या ४०० कॅनल-स्टेनोसिसच्या, म्हणजे बोगदा अरुंद झालेल्या, पेशंटचा अभ्यास आला, अर्ध्यांना भुलीचं औषध अधिक स्टिरॉइड, अर्ध्यांना नुसतं भुलीचं औषध, सहा आठवड्यांनी दोन्हीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. एखाद्याला काही दिवस आराम पडतो, पण शुगर असलेल्या माणसाला वर्षात चार-पाच वेळा टोचत राहणं मला पटत नाही.

ऑपरेशनमध्ये लॅमिनाचा काही भाग आणि जाड झालेलं फ्लेव्हम काढून बोगदा मोकळा करतात. लिगामेंट काढल्यावर मणका ढासळेल ही भीती बहुतेकांना असते, पण सांधे, डिस्क, स्नायू हे सगळे आधार राहतात, हाड आधीच सरकलेलं असेल तर मात्र स्क्रू टाकून जोडायचा विचार करतात. २००८ साली त्याच जर्नलमध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात ज्यांनी ऑपरेशन करून घेतलं त्यांना दोन वर्षांनंतरही जास्त आराम होता, आणि न केलेल्यांपैकीही बऱ्याच जणांत थोडी सुधारणा होती. हा आजार बहुतेकांत सावकाश चालतो, एका रात्रीत लुळं पाडत नाही. म्हणून तीन-चार महिने नीट व्यायाम करा, खांब मोजून वहीत लिहा, आणि खांब कमीच होत असतील तर वेळ न घालवता सर्जनना भेटा.

पण सगळंच सावकाश होतं असं नाही. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसण्याच्या जागी, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिर झालं, पाऊल एकदम लोंबायला लागलं, तर ही थांबायची वेळ नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी न्यूरोसर्जन किंवा स्पाइन सर्जन असलेलं हॉस्पिटल गाठायचं, तासांचा हिशोब असतो. एका काकूंनी मला हे दोन दिवसांनी सांगितलं, कारण घरात सांगायचं कुणाला, मुलगा आणि जावई, लाज वाटली. ऑपरेशन झालं, पाय सुधारले, लघवीची नळी मात्र अजून आहे. कमरेचा त्रास असलेली आई, सासू, आजी घरात असेल तर हे त्यांच्या सांगण्यावर सोडू नका, बाजूला घेऊन सरळ विचारा, आई, लघवीला लागलेली कळतेय ना, पूर्ण होतेय ना, धुताना हात लागलेला जाणवतोय ना?